यंत्राचा परवचा

१

ज्यांचें बाळपण जुन्या वळणाच्या घरांत गेलें आहे, त्यांना दिवेलागणीचा परवचा म्हणजे काय हें सांगावयास नको. देवापाशीं निरांजन लागलें कीं मुलांनीं हातपाय धुऊन ओळीनें बसावें आणि पाढे, तिथि, नक्षत्रें, संवत्सरांचीं नांवें एकामागून एक म्हणावीं, असा तो नित्यक्रम असे. काल म्हटलेलें आज पुन्हा कां म्हणावयाचें, असें मीं एकदां आजोबांस विचारलें होतें. "न म्हटलेंस तर उडून जाईल," एवढेंच उत्तर त्यांनीं दिलें. पन्नाशी उलटल्यावर माझ्या टेबलावरील एका म्हाताऱ्या संगणकानें मला त्या उत्तराचा जो अर्थ शिकविला, तो प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा संगणक मीं २०१० सालीं घेतला. अठराव्या शतकांतील मोडी कागद वाचून त्यांच्या बाळबोध नकला करणें हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा उद्योग. त्या नकला आधीं वह्यांत उतरल्या आणि मागाहून सवडीसवडीनें या यंत्रांत शिरल्या. गेल्या एप्रिलांत यंत्राची प्रकृति बिघडली. सकाळीं तें निमूटपणें काम करी. दुपारीं पुण्याचें ऊन तापूं लागलें कीं मध्येंच पडदा निळा पडे आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. कधीं कळ दाबतांच तें नुसत्या लांब शिट्या घाली आणि पडदा काळाच राही. हा सारा त्रास मीं वार्धक्याच्या खातीं मांडून सोसलाहि असता. परंतु एके दिवशीं एका नकलेच्या माथ्यावर "शके १६७७ प्रजापतिनाम संवत्सरे" असें वाचलें आणि पोटांत धस्स झालें.

संवत्सरांचीं नांवें पाठ केलेल्या माणसास शके १६७७ चें नांव युवा, प्रजापति नव्हे, हें बोटांवर मोजून कळतें. प्रजापति म्हणजे शके १६७३, अर्थात् इसवी सन १७५१-५२. वही काढून पाहिली. तेथें स्वच्छ १६७३ होतें. मागील वर्षीं त्याच नकलेचा छापून घेतलेला कागद सांपडला; त्यावरहि १६७३. म्हणजे टंकतांना माझा हात चुकला नव्हता. मध्यंतरीं त्या फाइलींत दुसऱ्याच एका ओळीची दुरुस्ती करून मीं ती पुन्हा सांठवून ठेविली होती. त्या जाण्यायेण्यांत कोठें तरी तिनाचे सात झाले होते.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून भयंकर गोष्ट नाहीं. यंत्र अजिबात बंद पडलें तर नुकसान होतें, पण तें दिसतें तरी. यंत्र चालू राहून, गंभीर चेहऱ्यानें, एखाद्या कागदाचें साल चार वर्षांनीं पुढें सरकवूं लागलें तर त्याला धरावें कसें? माझ्या संग्रहांत अकराशेंहून अधिक नकला होत्या आणि त्यांतील कित्येकांच्या माथ्यावर संवत्सराचें नांव नव्हतें.

जवळच्या एका दुकानदारास बोलाविलें. त्यानें झांकण न उघडतांच निकाल दिला: "साहेब, ह्याचं आयुष्य संपलं. नवीन घ्या." नवा संगणक घेतां आला असता; पण जुन्याच्या पोटांत नेमका कोणता रोग आहे हें न कळतां त्याची तिरडी बांधावी, हें मनास पटेना. शेवटीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास हांक मारली. त्यानें लक्षणें ऐकून घेतलीं आणि म्हणाला, "सर, आधी रॅम तपासू. पण त्याच्याही आधी हा सुरूच करू नका."

त्याची कामाची रीति पाहून मला एखाद्या जुन्या वैद्याची आठवण झाली. प्रथम त्यानें हार्ड डिस्क काढून दुसऱ्या निरोगी संगणकास जोडली आणि सर्व नकलांची प्रत घेतली. कारण ज्या यंत्राच्या स्मृतीचा भरंवसा नाहीं त्याच्याकडूनच प्रत करवून घेणें म्हणजे भ्रमिष्ट कारकुनास दप्तराची नक्कल करावयास बसविण्यासारखें आहे. मग विजेची पिन काढून, अंगावरील स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास हात लावून, त्यानें मदरबोर्डावरील रॅमच्या दोन पट्ट्या उपसल्या. त्यांच्या कडेचे सोनेरी दांत पेन्सिलीच्या खोडरबरानें हलकेच घांसले, खांचांतील धूळ ब्रशानें झाडली आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज होईपर्यंत पट्ट्या पुन्हा दाबून बसविल्या. शिट्या तत्काळ थांबल्या. तो केवळ मळलेल्या सांध्यांचा दोष होता. परंतु विस्मरण थांबलें नाहीं.

त्या रात्रीं त्यानें पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट नांवाचा तपासणीचा कार्यक्रम लावून ठेविला. तो कार्यक्रम स्मृतीच्या प्रत्येक घरांत ठराविक आकृति लिहितो, ती परत वाचतो, पुसतो, उलटी लिहितो, पुन्हा वाचतो. पहिला तासभर कांहीं झालें नाहीं. यंत्र तापल्यावर पडद्यावर तांबड्या ओळी उमटूं लागल्या. मग एकेक पट्टी एकेका खांचेंत घालून त्यानें चार वेळां तपासणी केली. पहिली पट्टी दोन्ही खांचांत निर्दोष ठरली. दुसरी दोन्ही खांचांत चुकली. तेव्हां दोष खांचेचा नव्हता, पट्टीचाच होता. चुकीच्या ओळींत काय लिहिलें होतें व काय वाचलें गेलें हें शेजारीं शेजारीं दिलेलें असे, आणि फरक दर वेळीं एकाच बिटाचा होता: जेथें शून्य असावयाचें तेथें एक.

मीं कुतूहलानें देवनागरी अंकांचे संगणकीय संकेत काढून पाहिले. तिनाच्या संकेताचे शेवटचे चार बिट १००१ असे आहेत, साताच्या संकेताचे ११०१. बाकी सारें सारखें. मध्यें फरक केवळ एका बिटाचा, आणि तपासणीनें बोट ठेविलें होतें तें स्थानहि तेंच. माझें साल त्याच घरांत बसलें होतें असें शपथेवर सांगतां यावयाचें नाहीं. परंतु परिस्थितिजन्य पुराव्यावर न्यायाधीशानें शिक्षा द्यावी इतका हा पुरावा बळकट होता.

२

येथवर आल्यावर साहजिकच प्रश्न पडला कीं, यंत्राला विसर पडतो म्हणजे नेमकें काय होतें? या प्रश्नाचा माग काढतां काढतां मी ऐंशीं वर्षें मागें गेलों.

संगणकास दोन प्रकारची स्मृति असते. एक डिस्कवरची, ती वहीसारखी, वीज गेली तरी लिहिलेलें राहतें. दुसरी ही रॅम, ती पाटीसारखी. चालू घटकेस जें काम चाललें असेल तें सारें या पाटीवर मांडलेलें असतें आणि वहींतील एक अक्षर दुरुस्त करावयाचें झालें तरी मजकूर आधीं पाटीवर घ्यावा लागतो. पाटी सदोष असली तर निर्दोष वहींतहि चूक शिरते, ती या वाटेनें.

ही पाटी घडविण्यास माणसास फार सायास पडले. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या एनिआक या यंत्रांत सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. पण त्याच्या संचयकांत दहा आंकडी अशा अवघ्या वीस संख्या मावत. नवें गणित सांगावयाचें तर तारा उपसून नव्यानें जोडाव्या लागत. आंकड्यांबरोबर आज्ञाहि यंत्राच्या स्मृतींतच लिहून ठेवाव्या ही कल्पना जॉन व्हॉन न्यूमन यांच्या १९४५ सालच्या टिपणांत मांडलेली आहे. कल्पना झाली, पण एवढें सगळें लक्षांत ठेवील असा पदार्थ कोठें होता?

पहिला पदार्थ मिळाला तो पारा. एनिआकच्या कर्त्यांपैकीं प्रेस्पर एकर्ट यांनीं महायुद्धाच्या काळांत रडारच्या कामासाठीं पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांचा उपयोग केला होता. नळीच्या एका टोंकाशीं विजेच्या ठोक्याचा ध्वनि करावयाचा. तो पाऱ्यांतून सेकंदास सुमारे १४५० मीटर या गतीनें, म्हणजे विजेच्या मानानें अगदीं गोगलगाईच्या चालीनें, दुसऱ्या टोंकास पोहोंचावयाचा. तेथें त्याची पुन्हा वीज करून, आकार नीट करून, ती पुन्हा पहिल्या टोंकास सोडावयाची. असे शेंकडों ठोके एकामागून एक नळींत फिरत राहिले कीं तीच स्मृति. केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांच्या मंडळीनें बांधलेलें एडसॅक हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं चालूं लागलें तें अशाच सुमारे दीड मीटर लांबीच्या नळ्यांवर. आरंभीं त्यांत ५१२ शब्दांची जागा होती. पाऱ्याचें तपमान बदललें कीं ध्वनीची गति बदले आणि ताल चुके.

वाचकांच्या लक्षांत आलें असेलच कीं, या नळींत कोणतीहि गोष्ट ठेविलेली नव्हती. जें होतें तें सारखें म्हटलें जात होतें. म्हणणें थांबलें कीं आठवण संपली. आजोबांचें उत्तर मला येथें पहिल्यानें भेटलें.

मँचेस्टर येथें फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनीं याच सुमारास निराळा मार्ग धरला. दूरचित्रवाणीच्या नळीसारख्या कांचेच्या नळीच्या पडद्यावर त्यांनीं विद्युत्भाराचे ठिपके उमटविले. ठिपका सेकंदाच्या एका अंशांतच विरून जाई. म्हणून तो विरण्यापूर्वीं यंत्रानें तो वाचावा आणि पुन्हा गिरवावा अशी व्यवस्था केली. या नळीवर ३२ शब्द राहत, प्रत्येक ३२ बिटांचा. २१ जून १९४८ रोजीं त्या लहानग्या यंत्रानें स्वतःच्या स्मृतींत लिहून ठेविलेल्या सतरा आज्ञा वाचून, दोनाच्या अठराव्या घाताचा सर्वांत मोठा विभाजक ५२ मिनिटांत शोधून काढला. उत्तर शाळकरी मुलासहि ठाऊक होतें. पण आपल्या स्मृतींतील आज्ञा स्वतः वाचून इलेक्ट्रॉनिक यंत्रानें गणित केल्याचा तो पहिला प्रसंग होता.

३

फिरता पारा आणि विरता ठिपका, दोन्ही बेभरंवशाचे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत व्हर्लविंड नांवाचें यंत्र चाललें होतें. त्याच्या भार सांठविणाऱ्या नळ्या सारख्या निकामी होत. तेथील प्रमुख जे फॉरेस्टर यांनीं १९५३ सालीं त्या काढून टाकून फेराइटच्या चुंबकीय कड्यांची स्मृति बसविली. हार्वर्ड येथें अॅन वँग यांनीं अशा कड्यांचा विचार त्यापूर्वींच केलेला होता. मण्याएवढीं कडीं तारांच्या जाळींत ओवलेलीं. कड्याचें चुंबकत्व एका दिशेनें फिरलें तर शून्य, उलट दिशेनें फिरलें तर एक. वीज गेली तरी कडें आपली दिशा सोडीत नसे. उजळणीवांचून टिकणारी स्मृति हातीं आली असें वाटलें.

परंतु तिलाहि एक विलक्षण खोड होती. कड्यांत काय आहे हें जाणण्यासाठीं तें शून्याकडे वळवून पाहावें लागे. वळलें तर पूर्वीं एक होता, न वळलें तर शून्य. म्हणजे वाचतां क्षणींच लिहिलेलें पुसलें जाई, आणि वाचणाऱ्यानें तें तत्काळ पुन्हा लिहावें लागे. कागद वाचला म्हणजे अक्षरें उडून जातात, म्हणून प्रत्येक वाचकानें वाचल्याबरोबर तो जशाचा तसा पुन्हा लिहून ठेवावा, असा एखाद्या दप्तरखान्याचा नियम असला तर कसें होईल, तशांतला हा प्रकार.

या कड्यांच्या स्मृतीचा आपल्या मुंबईशीं जवळचा संबंध आहे. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५४ च्या सुमारास रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुणांच्या एका लहान गटानें स्वतःच संगणक बांधावयास घेतला. तो १९६० सालीं कामास लागला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. त्यांत सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृति फेराइटच्या कड्यांची होती: २०४८ शब्द, प्रत्येक ४० बिटांचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात. माझ्या संगणकांतून निकामी म्हणून काढलेली ती बोटाएवढ्या रुंदीची पट्टी दोन गिगाबाइटांची होती; तिच्यांत टिफ्रॅकसारख्या दोन लाखांहून अधिक स्मृति मावल्या असत्या. ज्या स्मृतीवर देशांतील शास्त्रज्ञांनीं आपलीं गणितें केलीं, तिच्या दोन लाख पटींची वस्तु आपण एका बिटाच्या दोषापायीं कचऱ्यांत टाकतों, हें मनांत आलें म्हणजे हात जरा थबकतो.

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकांतहि पुसून लिहितां येणाऱ्या स्मृतीचे शब्द २०४८ च होते. त्यांतील कायमच्या आज्ञा मात्र अक्षरशः विणलेल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथील कारखान्यांत स्त्रिया सुईनें तार ओवीत. तार कड्यांतून गेली तर एक, कड्याबाहेरून गेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द एकेका संगणकांत विणले जात.

विणकामाचा हा काळ संपविला तो एका गळक्या रांजणानें. १९६६ सालीं आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलें कीं, एक बिट ठेवावयास एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म विद्युत्संचयक एवढें पुरे आहे. संचयक भरलेला तर एक, रिकामा तर शून्य. १९६८ सालीं त्यांस एकस्व मिळालें. १९७० सालीं इंटेल कंपनीनें याच गळक्या जातीची, मात्र दर बिटामागें तीन ट्रान्झिस्टर असलेली, १०२४ बिटांची चिप विक्रीस काढली आणि थोड्याच वर्षांत कड्यांचें राज्य लयास गेलें. डेनार्ड २०२४ सालीं वारले. आज जगांतील बहुतेक प्रत्येक संगणकाची आणि खिशांतल्या फोनची रॅम त्यांच्या त्या एका कल्पनेवर चालते.

रांजण गळका कां, तर संचयकांतील भार आपोआप झिरपून जातो. म्हणून यंत्रास प्रत्येक ओळ ठराविक मुदतींत वाचून पुन्हा भरावी लागते. ही मुदत सामान्यतः सेकंदाच्या चौसष्ट सहस्रांशांची असते. चिप फार तापली तर ती निम्मी करावी लागते, कारण उन्हाळ्यांत रांजण अधिक झिरपतो. हिशेब केला तर आठ तासांच्या रात्रींत, आपण झोपलेले असतां, चालू ठेविलेला संगणक आपल्या स्मृतीच्या प्रत्येक ओळीची साडेचार लाख वेळां उजळणी करीत असतो. विझतांना देखील ती एकदम विझत नाहीं. २००८ सालीं प्रिन्स्टन येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, वीज तोडल्यावरहि रॅममधील मजकूर कांहीं सेकंद रेंगाळतो आणि चिप अतिशय थंड केली तर मिनिटेंच्या मिनिटें टिकतो.

पारा गेला, कांच गेली, कडीं गेलीं. परवचा मात्र राहिला. फरक इतकाच कीं पूर्वीं तो कळत होता, आतां तो इतक्या भराभर चालतो कीं मालकास त्याचा पत्ताहि नसतो.

४

परंतु उजळणीनें सर्व भागत नाहीं. मुलगा रोज पाढा म्हणतो. पण एके दिवशीं तो "तेर साते एक्याण्णव" च्या ठिकाणीं "त्र्याण्णव" म्हणाला आणि ऐकणारें कोणी नसलें, तर दुसऱ्या दिवसापासून तो त्र्याण्णवाचीच उजळणी करील. यंत्राचेंहि तसेंच आहे. एकदां बिट फिरला कीं पुढची प्रत्येक उजळणी त्या चुकीलाच भक्कम करीत जाते.

१९७८ सालीं इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनीं एक चमत्कारिक गोष्ट उजेडांत आणली. निर्दोष चिपांतहि मधूनच एखादा बिट आपोआप फिरतो, आणि त्याचें कारण चिपेच्या वेष्टणाच्या चिनीमातींत सूक्ष्म प्रमाणांत असलेलीं युरेनियम-थोरियमसारखीं द्रव्यें होत. त्यांतून निघणारा एखादा आल्फा कण संचयकांतील भार बिघडवितो. पुढच्याच वर्षीं झीगलर आणि लॅनफर्ड यांनीं दाखविलें कीं, अंतराळांतून येणारे विश्वकिरणहि हें करूं शकतात. विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ सालीं ज्यांनीं मांडला ते होमी भाभाच होत. आणि त्यांच्याच संस्थेंत आपल्या देशाचा संगणक जन्मास आला.

चूक होणारच, तर ती ओळखावी कशी? जुना उपाय साक्षीदाराचा आहे. आठ बिटांच्या सोबतीस नववा ठेवावा आणि त्यानें फक्त एवढेंच सांगावें कीं, एकांची संख्या सम आहे कीं विषम. एखादा बिट फिरला कीं साक्ष जुळत नाहीं आणि यंत्र हाकाटी करतें. त्याच्याहि पुढें बेल प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग गेले. सुटीच्या दिवसांत यंत्रावर सोंपविलेलें त्यांचें काम एकेका चुकीपायीं अर्धवट टाकलेलें सांपडे. यंत्रास चूक झाल्याचें कळतें, तर ती कोठें झाली हें कां कळूं नये, या वैतागांतून त्यांनीं १९५० सालीं अशी साक्षीदारांची मांडणी प्रसिद्ध केली कीं चुकलेलें घर सांपडतें आणि दुरुस्तहि होतें. पेढ्या, दवाखाने यांचे मोठे संगणक आजहि असे साक्षीदार ठेवतात.

आमच्या घरगुती यंत्रांचें काय? १९८१ सालीं निघालेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकांत नववा साक्षीदार बिट होता. साक्ष फुटली कीं यंत्र तत्काळ थांबे. १९९० नंतरच्या दशकांत स्पर्धा वाढली, किंमती उतरविण्याची चढाओढ लागली आणि नऊ चिपांऐवजीं आठ लावल्या तर ग्राहकास कळतें कोठें, हा विचार बळावला. साक्षीदार घरीं पाठविला गेला. २०२० सालीं ठरलेल्या डीडीआर-५ या जातींत चिपेच्या आंतल्या आंत दुरुस्तीची सोय आली आहे. पण चिपेपासून संगणकाच्या मेंदूपर्यंतच्या वाटेवर सामान्य घरीं अजून कोणी साक्षी नाहीं. माझे तिनाचे सात झाले आणि कोणी ब्र काढला नाहीं, याचें कारण हें होतें.

ब्र काढला तो अडीचशें वर्षांपूर्वींच्या एका कारकुनानें. शक लिहिल्यावर संवत्सराचें नांव लिहिण्याची त्याला वस्तुतः गरज नव्हती. एकावरून दुसरें निघतें. तिथि लिहिल्यावर वार, आंकडा लिहिल्यावर तोच अक्षरांत, हेंहि तसेंच. विद्यार्थिदशेंत मला ही पुनरुक्ति कंटाळवाणी वाटे. आतां कळतें कीं ती साक्षीदारांची मांडणी आहे. वेदपाठकांनीं हेंच तत्त्व पराकोटीस नेलें. क्रमपाठांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं जोडून म्हणावयाचें. जटापाठांत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. घनपाठांत त्याहूनहि गुंतागुंतीची वीण. एक पद चुकलें तर तें आजूबाजूच्या अनेक ठिकाणीं खटकल्यावांचून राहत नाहीं. यावरून आमच्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता असें म्हणणें हास्यास्पद होईल. त्यांना ठाऊक होता तो विसर. आणि त्याची भीति बाळगण्याइतके ते शहाणे होते.

५

पट्टी बदलावयाची ठरल्यावर स्मृति वाढवूनच घ्यावी असा विचार झाला. माझें यंत्र डीडीआर-३ जातीचें. प्रत्येक जातीच्या पट्टीस खालच्या कडेला एक खांच असते आणि तिची जागा जातीगणिक निराळी असते, जेणें एका जातीची पट्टी दुसरीच्या घरांत बसूं नये. कारण विजेचा दाब निराळा. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर-३ ला १.५. मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत पाहून, तो आठ गिगाबाइट पेलतो अशी खात्री करून, चार चार गिगाबाइटांच्या दोन सारख्या पट्ट्या आणल्या. जोडी सारखीच हवी. कारण एक पट्टी चपळ आणि एक मंद असली तर औताच्या बैलांप्रमाणें दोघींची चाल मंद बैलाची होते.

तरी एक अडचण राहिली. माझी जुनी कार्यप्रणाली ३२ बिटांची होती. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते लिहितां येतात, म्हणजे चार गिगाबाइट. पुढच्या घरांस पत्ताच नाहीं, मग तीं असून नसल्यासारखीं. शिवाय त्या विंडोज-७ प्रणालीची देखभाल तिच्या निर्मात्यांनीं २०२० सालींच थांबविली होती. विद्यार्थ्यानें ६४ बिटांची लिनक्स प्रणाली घातली, पुन्हा एक रात्र तपासणी लाविली आणि सकाळीं पडद्यावर एकहि तांबडी ओळ नाहीं असें पाहून तो चहा पिऊन गेला. ज्याचें आयुष्य संपलें होतें तो संगणक तेव्हांपासून मे महिन्याच्या दुपारींहि बिनतक्रार चालला आहे.

यंत्र बरें झालें. पण आजारपणांत तें जें बरळलें होतें त्याचा निवाडा नवी पट्टी करूं शकत नव्हती. अकराशें नकलांपैकीं कोणत्या त्या पट्टीवरून जाऊन आल्या हें सांगणारा साक्षीदार यंत्रांत नाहीं. साक्षीदार आहेत त्या माझ्या वह्या. म्हणून आमच्या घरीं रोज दिवेलागणीला एक नवा नेम सुरू झाला आहे. सौ. वही घेऊन मोठ्यानें वाचतात आणि मी पडद्यावर बोट ठेवून ऐकतों: शक, संवत्सर, मास, तिथि, वार, मग मजकूर. कंटाळा येतो, घसा सुकतो. पण दुसरा उपाय नाहीं.

आजवर चारशें दहा नकला ताडून झाल्या. त्यांत यंत्राच्या माथीं मारतां येईल अशी आणखी एकच चूक सांपडली. एका जमाखर्चांत दोनाचे सहा झाले होते, आणि तोहि एकाच बिटाचा, त्याच स्थानाचा फरक आहे. माझ्या स्वतःच्या हातच्या चुका मात्र एकतीस निघाल्या. त्यांच्यासाठीं पट्टी कोठें मिळते हें त्या विद्यार्थ्यास विचारावयाचें आहे.